कोल्हापूरचा गारठा आणि भाड्याचे जुने घर

कोल्हापूरची थंडी ही प्रामुख्याने रात्रीची थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा २९-३० अंशांपर्यंत चढतो आणि पहाटे १४-१५ अंशांवर, एखाद्या कडाक्याच्या आठवड्यात त्याच्याही खाली उतरतो. एकाच दिवसात जवळजवळ १५ अंशांचा हा चढउतार ज्याने लक्षात घेतला, त्याला घर उबदार ठेवण्याचा अर्धा उपाय सापडला असे मी म्हणेन. बर्फ पडणाऱ्या मुलुखात दिवसाही बाहेर ऊब नसते, म्हणून तिथली घरे आतून तापवावी लागतात आणि ती उष्णता भिंतीत जाऊ नये म्हणून भिंतींना आतून जाड अस्तर लावले जाते. आपल्याकडे ऊब रोज दुपारी दारापर्यंत फुकट येते. ती आत घेणे, भिंतीत साठू देणे आणि रात्री फटींतून निसटू न देणे, एवढेच काम आपल्या वाट्याला येते, आणि ते भाडेकरूलाही घराला धक्का न लावता करता येते.

आमचे घर शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडे जाणाऱ्या उतारावर आहे. पुढे सोपा, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर व न्हाणी आणि त्यामागे परडे, अशी जुन्या पद्धतीची बैठी मांडणी. भिंती खाली दगडाच्या, वर पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. छप्पर मंगलोरी कौलांचे. खिडक्यांना गज आणि लाकडी झडपा, काच कुठेच नाही. शेजारच्या अर्ध्या भागात घरमालक राहतात. त्यांना सारी गल्ली आबा म्हणते, आम्हीही म्हणतो. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे थंडीत धरतात, आणि लहान मुलगी आहे, तिला पहाटेच्या गारठ्याने खोकला येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातले तापमान १८ अंशांखाली जाऊ नये असे म्हटले आहे, आणि वृद्ध, मुले व आजारी माणसांसाठी त्याहून अधिक ऊब लागू शकते असेही नोंदवले आहे. कौलारू सोप्यात पहाटे ही पातळी सहज मोडते. त्यामुळे या विषयाकडे केवळ सोयीचा प्रश्न म्हणून पाहणे मला पटत नाही.

सर्वांत आधी खोली निवडावी. जुन्या घरांची रचना करणाऱ्यांनी हिवाळ्याची खोली आपल्यासाठी आधीच करून ठेवलेली असते, ती म्हणजे माजघर. त्याच्या पुढे सोपा आणि मागे स्वयंपाकघर असल्यामुळे वाऱ्याचा थेट मारा त्याच्यावर होत नाही, आणि वर लाकडी माळा असल्यामुळे कौलांपर्यंत ऊब चढत नाही. उन्हाळ्यात याच माजघराला आपण कोंदट म्हणून नावे ठेवतो, आणि सवयीने बाराही महिने पलंग पुढच्या खोलीत ठेवतो. थंडीचे अडीच-तीन महिने सगळ्यांची झोपण्याची व्यवस्था माजघरात हलवली, की राखायची जागा एकदम निम्म्यावर येते. माझ्या मते यापुढच्या सर्व उपायांपेक्षा या एका बदलाचा गुण मोठा आहे, आणि त्याला खर्च काहीच येत नाही.

भिंतीविषयी थोडा हिशेब मांडते, कारण तो कळल्यावर खिडक्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा आपोआप ठरतात. दहा बाय बारा फुटांच्या आणि नऊ फूट उंचीच्या खोलीत साधारण ३० घनमीटर हवा असते. ती सगळी हवा १ अंशाने तापवायला सुमारे ३६ किलोज्यूल उष्णता पुरते. मातीच्या भिंतीचा केवळ एक घनमीटर भाग १ अंशाने तापायला मात्र जवळजवळ १,४०० किलोज्यूल लागतात, आणि थंड होताना तेवढीच उष्णता तो परत देतो. हीटर हवा तापवतो आणि ती हवा दार उघडताच निघून जाते; जाड भिंत तापली, तर ती रात्रभर थोडीथोडी ऊब सोडत राहते. म्हणून सकाळी दहा-अकराच्या सुमारास, बाहेरची हवा घरापेक्षा ऊबदार झाली की, झडपा सताड उघडाव्यात, दक्षिणेकडच्या खिडकीसमोर काही ठेवू नये, आणि उन्हे कलायला लागताच, म्हणजे पाचच्या आत, सगळे मिटून घ्यावे. डिसेंबरच्या उत्तरार्धात आपल्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेचे ऊन खिडकीतून तिरपे बरेच आत येते. ते फरशीवर आणि भिंतीवर पडू द्यावे. पडद्याने अडवू नये. पुष्कळ घरांत याच्या नेमके उलटे घडते. दिवसभर घर बंद असते आणि संध्याकाळी माणसे परतली की हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडल्या जातात, त्या झोपेपर्यंत तशाच राहतात.

यानंतर येतो वारा. फटी शोधायला उदबत्तीसारखे साधन नाही. रात्री पंखे बंद करून, सगळ्या झडपा मिटून, पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवली की धूर बोलायला लागतो. आमच्या माजघराच्या दाराशी तो वरपासून कमरेपर्यंत सरळ उभा चढत होता. बिजागरीपाशी आल्यावर तो किंचित आत वाकला. आणि उंबरठ्याजवळ हात नेताच आडवा होऊन थेट खोलीत शिरला. उंबरठा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी मधोमध झिजलेला होता, आणि दार मात्र सरळ, त्यामुळे मधे बोटभर फट राहिली होती. सोप्याच्या खिडकीत झडपांच्या जोडापेक्षा चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगेतून जास्त वारा येत होता, हे डोळ्यांना कधीच दिसले नसते.

दाराखालच्या फटीसाठी बाजारात रबरी आणि ब्रशाच्या पट्ट्या मिळतात, पण त्या स्क्रूने बसवाव्या लागतात आणि झिजलेल्या उंबरठ्यावर त्या नीट टेकत नाहीत. जुन्या साडीच्या दुहेरी कापडाची दाराएवढी लांब नळी शिवून तिच्यात धुऊन वाळवलेली वाळू भरली, तर ती उंबरठ्याच्या खोलगट भागात आपल्या वजनाने बसते आणि फट पूर्ण बुजते. वाळू फार ठासून भरू नये, नळी लवचीक राहिली पाहिजे. झडपांच्या जोडाला आतून फोमची चिकटपट्टी पुरते. चौकट आणि भिंतीमधल्या भेगेत मात्र सिमेंट भरू नये. मातीच्या भिंतीत सिमेंट धरत नाही आणि निघताना आजूबाजूची माती घेऊन निघते. तिथे चिंधी किंवा काथ्या दाबून बसवावा आणि वरून चुना-मातीचा हात फिरवावा. लाकडातल्या बारीक भेगांना लांबी, म्हणजे सुतारकामातली पुट्टी, चालते.

खिडकीचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण झडपा मिटल्या की अंधार होतो आणि उघडल्या की वारा येतो. मी पहिल्यांदा खिडकीभोवती पडदा आणि पट्ट्या लावण्यासाठी खिळे मारण्याविषयी आबांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, मातीच्या भिंतीत खिळा ऱ्हात न्हाई, नुसतं भगदाड पडतंय बघ." त्यांचे म्हणणे रास्त होते. दुहेरी चिकटपट्टीने प्लास्टिक लावावे, तर काढताना चौकटीचा जुना ऑइलपेंट निघतो आणि अनामत रकमेतून पैसे कापले जातात. यावर चांगला तोडगा गल्लीतल्या सुतारांनी काढून दिला. भिंत जाड असल्यामुळे खिडकीला आतून खोल कोनाडा मिळतो, त्याच कोनाड्यात बसेल अशी पातळ रिपांची हलकी चौकट त्यांनी केली. "वहिनी, दोन सूत कमी धरतो, फोम दाबून बसला पायजे," असे म्हणत त्यांनी कोनाड्याचे माप वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी घेतले, कारण जुन्या घरात तिन्ही मापे सारखी येत नाहीत. चौकटीच्या दोन्ही अंगांना पारदर्शक जाड प्लास्टिक ताणून बसवले, कडेने फोमची पट्टी लावली, आणि पकडायला मधल्या रिपेला नाडी बांधली. ही चौकट दाबली की घट्ट बसते, सकाळी ओढली की निघते. न खिळा, न डाग.

या चौकटीतली खरी किमया प्लास्टिकची नसून त्या दोन पदरांमध्ये कोंडलेल्या हवेची आहे. स्थिर हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. थर्माकोल, लोकर, कापूस, वाकळ या सगळ्यांची ऊब त्यांनी धरून ठेवलेल्या हवेचीच असते. दोन पदरांत एक-दोन सेंटिमीटर अंतर असावे. फार जास्त अंतर ठेवले, तर आतली हवा वरखाली फिरू लागते आणि ऊब वाहून नेते. प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पहाटे दव धरले, तर खोलीत दमटपणा जास्त आहे असे समजावे; ते पुसून घ्यावे आणि ओले कपडे खोलीत वाळत घालणे बंद करावे.

आता छप्पर. ऊबदार हवा हलकी होऊन वर जाते आणि कौलारू घरात तिला अडवणारे काही नसते. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली मंगळूरला काढला आणि पुढे ही कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर पसरली. ती एकमेकांत खोबणीने अडकतात, पावसाचे पाणी उत्तम परतवतात, पण त्यांच्या सांध्यांतून हवा जात-येत राहते. चुलीचा धूर बाहेर जाण्यासाठी हे फार सोयीचे होते. शिवाय निरभ्र रात्री कौले आपली उष्णता आकाशाकडे फेकतात आणि पहाटे भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. त्यांच्याखाली झोपलेल्या माणसाला वारा नसतानाही अंगावर गारवा उतरल्यासारखा वाटतो तो यामुळे.

ज्यांच्याकडे तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचे छत, किंवा माळा आहे, त्यांना फारसे काही करावे लागत नाही. माळ्याच्या फळ्यांवर जुन्या सतरंज्या किंवा पुठ्ठे अंथरले तरी पुष्कळ फरक पडतो. उघड्या कौलांखाली मात्र छत बांधावे. पूर्वी घरोघरी कापडी छत असे, ते दिसायला बरे आणि कौलांतून पडणारी धूळ झेलायला उपयोगी. ऊब राखण्याचा त्याचा गुण आपण विसरलो. आम्ही सोप्यात वाशांना सुतळीने बांधून जाड मांजरपाटाचे छत ताणले आणि त्याच्या वर, कौलांच्या बाजूला, चंदेरी बबल शीट सोडले. चकचकीत पृष्ठभाग उष्णता फार कमी फेकतो, पण त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. तो कौलाला चिकटवला तर त्याचा हा गुण जातो. म्हणून शीट आणि कौले यांच्यामध्ये वीतभर पोकळी ठेवली. उंदरांचा त्रास असलेल्या घरात कापडाचा झोळ पडू देऊ नये, नाहीतर वर त्यांचा संसार थाटतो. छतासाठी उघडा थर्माकोल मात्र मी कुणालाही सुचवणार नाही. तो लवकर पेट घेतो, वितळून ठिबकतो आणि विषारी धूर सोडतो. देवघरातली समई, गॅसची शेगडी आणि जुनी वायरिंग असलेल्या घरात तो डोक्यावर नको.

ओल हा आमच्या भागातला सर्वांत जिव्हारी लागणारा विषय आहे. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडली आणि या उतारावरच्या घरांच्या भिंती पाणी प्यायल्या. पूर ओसरल्यावर लोकांनी घाईघाईने, चांगल्या हेतूनेच, त्या भिंतींना खालून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट दिला. माती आणि चुन्याची भिंत आतले पाणी आपल्या पृष्ठभागातून हवेत सोडत असते. तिला असे लपेटले, की पाणी आतच राहते, वर चढत जाते, लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता जास्त वेगाने बाहेर नेते. त्यातच १ लिटर पाणी सुकताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात सुमारे ०.६७ युनिट उष्णता खाते आणि ती भिंतीतून व खोलीतूनच घेते. अशा भिंतीवर आतून प्लास्टिक किंवा फोम चिकटवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण आहे. भिंत सुकवणे हाच तिथला खरा थंडीचा उपाय. परड्यातले पाणी भिंतीपासून दूर वाहील असा उतार करणे, पागोळ्या पडतात तिथे फरशी किंवा दगड लावणे, कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, सुटलेला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करणे, वरून चुना देणे, ही कामे दिसायला थंडीची वाटत नाहीत, पण एका हिवाळ्यात त्यांचा गुण कळतो.

यातली गिलाव्याची आणि कौलांची कामे भाडेकरूने परस्पर करू नयेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार भाडेकरूचे घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात मात्र बहुतेक गोष्टी त्या कागदावरच ठरतात, म्हणून शाकारणी, म्हणजे पावसाआधी कौले परतण्याचे काम, कोणी करायची, फुटकी कौले कोणी बदलायची आणि आपण लावलेले सामान जाताना नेता येईल का, हे करारात लिहून घ्यावे. आबांनी आमच्या भागाची शाकारणी पावसाआधी स्वतःच्या भागाबरोबर करून दिली आणि गिलाव्याचा अर्धा खर्च सोसला. सरळ बोलण्याने हे साधले. जुन्या घराची काळजी मालकालाही असतेच.

फरशी आणि अंथरुणाबद्दल थोडक्यात सांगते. शहाबादी फरशी हवेइतक्याच तापमानाची असली, तरी ती पायाची उष्णता झपाट्याने ओढून घेते. तिच्यावर आधी चटई, तिच्यावर घोंगडे आणि वर सतरंजी, अशी थरांची मांडणी करावी. धनगरी मेंढ्यांच्या लोकरीचे खरे घोंगडे अंगाला टोचते, पण खाली अंथरायला त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही, आणि ते वर्षानुवर्षे टिकते. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब असावा. कापसाची गादी दुपारी उन्हात टाकून फुगवली, की तिच्यात हवा भरते आणि तीच रात्री ऊब धरते. दबून चपटी झालेली गादी पिंजून घ्यावी.

हीटरला माझा विरोध नाही, सासूबाईंसाठी पहाटे तो थोडा वेळ लागतो. २,००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट वीज घेतो आणि त्याला जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या घरातला साधा ६ अँपिअरचा प्लग त्यासाठी नाही; १६ अँपिअरचा प्लग आणि त्याला पुरेशी जाड वायर नसेल, तर हीटर लावूच नये, आणि एक्स्टेंशन बोर्डावर तर कधीच नाही.

फटी बुजवण्याच्या उत्साहात दोन जागा सोडून द्याव्या लागतात, आणि हे मी अगदी कळकळीने लिहीत आहे. न्हाणीत गॅस गिझर असेल, तर तिथला झरोका उघडाच राहिला पाहिजे, आणि शक्य असेल तर गिझरच न्हाणीच्या बाहेर बसवून घ्यावा. कोंडलेल्या जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस सावध होण्याआधी बेशुद्ध पडतो. स्वयंपाकघराचा वरचा झरोकाही तसाच मोकळा ठेवावा. कोळशाची शेगडी पेटवून ती बंद माजघरात उशाशी ठेवण्याची जुनी सवय अजून काही घरांत आहे. भिंती आणि छत जितके चांगले बंद केले, तितकी ती शेगडी अधिक घातक होते. शेकायचेच असेल, तर परड्यात किंवा उघड्या सोप्यात शेकावे, आणि निखारे विझल्यावरच आत यावे.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, असे आपल्याकडे म्हणतात. त्या सुमारास खिडक्यांच्या चौकटी काढून, पुसून, मागे तारखेऐवजी खिडकीचे नाव लिहून माळ्यावर ठेवाव्यात, कारण दोन खिडक्या कधीच सारख्या नसतात. वाळूच्या नळ्या उन्हात वाळवून गुंडाळाव्यात. छत मात्र उतरवू नये. मे महिन्यात भर दुपारी सूर्य कोल्हापुरात थेट डोक्यावर येतो आणि कौले हात लावू देत नाहीत. तेव्हा वरून येणारी झळ तेच कापड आणि तेच चंदेरी शीट अडवते. ते शाकारणीच्या आदल्या दिवशी सोडावे, झटकावे, आणि कौले परतून झाली की पुन्हा बांधावे.